सुपडू बिशपाचा हात

सुरतेत, अडाजणच्या फ्लॅटमध्ये बिशप अहिरे यांचा मग वेगळा होता. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, झाकणाला बारीक चोच असलेला. सुनेने, अर्चनाने, तो लहान मुलांच्या दुकानातून आणला तेव्हा त्याच्यावर बदकाचं चित्र होतं. तिने ते तारेच्या घासणीने घासून काढलं, पण बदकाचे पिवळे पाय काही गेले नाहीत. "पप्पा, ह्यातून सांडत नाही," ती म्हणाली. बिशप त्यातून चहा प्यायले आणि "छान आहे" म्हणाले. सून मनाने वाईट नव्हती. शाळेत शिकवायची, पहाटे उठून दोन डबे करायची. सोफ्याची कव्हरं पुन्हा पुन्हा धुवायचा तिला कंटाळा आला होता, एवढंच.

बिशपांचा उजवा हात थरथरायचा. डॉक्टरांनी समजावलं होतं की हा कंप उलटा असतो. हात कामात असला की कमी, निवांत कुठे ठेवला की जास्त. म्हणून टीव्हीसमोर बसताना ते उजवा हात डाव्याखाली दाबून बसत.

बिशप म्हणजे कोण, हे सोसायटीत कोणाला नीट माहीत नव्हतं. वॉचमन त्यांना 'फादर काका' म्हणायचा. सेक्रेटरी पार्किंगच्या भांडणात त्यांना मध्ये बसवायचा, कारण "काकांनी मोठी पोस्ट सांभाळलीये" असं तुषारने, त्यांच्या मुलाने, त्याला कधीतरी सांगितलं होतं. बिशपांनी एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. पाळक बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, माती देतो. पण मूल जाणतं झालं की त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला मंडळीत पक्कं करायचं, म्हणजे दृढीकरण, ते फक्त बिशप करतो. आणि नवा पाळक करायचा तोही बिशपच, डोक्यावर हात ठेवून. सेक्रेटरी सगळं ऐकून म्हणाला, "एटले के आशीर्वाद खातं तुमच्याकडे." बिशप हसले. तसं पाहिलं तर त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव सुपडू. आईची आधीची दोन मुलं दगावली होती, म्हणून हा झाला तेव्हा त्याला सुपात घातलं, सूप उंबऱ्याबाहेर ओढलं आणि नकोसं मूल असल्यासारखं टाकून दिलं. बाहेर उभ्या असलेल्या बाईने पसाभर दाणे देऊन ते विकत घ्यायचं. म्हणजे मूल ह्या घरचं राहत नाही, आणि मग काळाचं लक्ष जात नाही. घ्यायला आत्या येणार होती. तिला शेतातून यायला उशीर झाला, सुपात पोर रडायला लागलं, तेव्हा आठ-नऊ वर्षांची बहीण अनुसया कणगीतून पसाभर दादर, म्हणजे ज्वारी, घेऊन आली, ती सुपात ओतली आणि भावाला उचललं. खानदेशातलं गाव सुटलं, वडील सुरतेला कतारगामच्या लूम्सवर आले, तरी अनुसया भांडणात हे काढायचीच. "तुले मी दादर देईसन लिधेल शे. तू मना शे."

वडील छातीच्या रोगाने गेले. आई आणि अनुसया कांड्या भरायच्या; दिवसभर चाक फिरवून सुताच्या लहान लहान कांड्या. घरात खाणारी तोंडं होती आणि सुपडूला शाळेत गती होती. मिशनच्या बोर्डिंगात पोरांना दोन वेळ जेवण मिळतं, हे कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं. आई नाही म्हणत होती. अनुसया त्याला घेऊन गेली. बोर्डिंगच्या फाटकापाशी तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून न बघता निघून गेली. गाडी चुकेल म्हणून, असं ती पुढे सांगायची.

बोर्डिंगात त्याला सॅम्युएल म्हणायला लागले. सुपडू म्हणायला तिथल्या सरांना कसंतरी वाटत असावं. पुढे तो स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाला, पुण्याला धर्मशास्त्र शिकला. आईने काही वर्षं बोलणं टाकलं. अनुसया म्हणाली, "त्यानं पोट भरेल शे ना? मंग जाऊ दे." मग डीकन, मग पाळक, नाशिकच्या बाजूच्या लहान लहान मंडळ्या. घंटा आहे तर दोरी नाही, दोरी आहे तर माणसं नाहीत, अशी देवळं. प्रमिलाबाईंशी लग्न झालं. त्या शाळेत शिकवायच्या आणि पाळकाच्या पगारात न बसणारं सगळं त्यांच्या पगारात बसवायच्या.

छप्पन्नाव्या वर्षी ते बिशप झाले. दोन तट भांडत होते, कोणाचंच नाव पुढे जाईना, तेव्हा ज्याला कोणाचा विरोध नाही असा माणूस म्हणून ह्यांचं गेलं. अभिषेकाच्या दिवशी ते गुडघे टेकून बसले आणि आलेल्या सगळ्या बिशपांनी एकदम त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. ते वजन त्यांना अपेक्षित नव्हतं. मान खाली गेली. ह्या हातांवर आधीच्यांचे हात, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांचे, असं थेट मागे प्रेषितांपर्यंत जातं, हे ते पुस्तकात शिकले होते आणि पोरांना शिकवत होते. पण त्या दिवशी खाली मान घालून बसलेले असताना त्यांना बोर्डिंगचं फाटक आठवलं.

पुढची नऊ वर्षं देवापेक्षा जमिनींच्या खटल्यांत जास्त गेली. कुठे ट्रस्टी भांडताहेत, कुठे मुख्याध्यापकाने घर सोडलेलं नाही. त्यांनी नियम सोडून काही केलं नाही आणि नियमाबाहेर कोणाला काही करू दिलं नाही. लोक म्हणायचे, साहेब चांगले आहेत पण त्यांच्याकडून काही होत नाही. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत प्रमिलाबाई गेल्या. तुषार बँकेत, बदली सुरतेला. काठी, टोपी, जांभळा झगा सगळं बांधून तेही आले. मेंढपाळाची ती उंच काठी माळ्यावर आडवी ठेवली तरी तिचं वाकलेलं टोक बाहेर यायचं, आणि अर्चना त्याला कपड्यांची पिशवी अडकवायची.

सुरतेला आल्यावर मात्र ते अनुसयेच्या जवळ आले.

अनुसया कोसाडला राहायची, मुलाकडे. वाल्मिक एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होता. त्याची बायको नूतन घरी साड्यांना टिकल्या लावायची. व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे यायचे, ते दोन दिवसांत खडे चिकटवून परत जायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दीड खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत साड्या असायच्या, मोरपंखी, राणी, आमसुली, सगळ्या दुसऱ्यांच्या. मधे अनुसयेची खाट. पावसाळ्यात ती जिन्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. वयामुळे ऑपरेशन नको म्हणाले. तेव्हापासून ती पडूनच होती. आता पायांवर सूज यायची आणि बोलताना धाप लागायची.

बिशप दर बुधवारी रिक्षाने जायचे. चिकू न्यायचे, ती नको म्हणायची, मग खायची. शेजारीपाजारी त्यांना 'वाल्मिकचे मामा' म्हणून ओळखत, पांढरा शर्ट, करडी पॅन्ट, रिटायर माणूस.

अशाच एका बुधवारी तिने ते काढलं.

"सुपडू," ती म्हणाली, "मना डोकावर हात ठेव ना."

ते चिकू सोलत होते. सुरी थांबली.

"तठे ठेवस तसा," ती म्हणाली. "तवय ठेवा नई ना तू."

तवय म्हणजे केव्हा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. ते बिशप असताना एकदा सुरतेची बिशपची खुर्ची रिकामी होती, म्हणून इथल्या मंडळीतल्या मुलांच्या दृढीकरणाला त्यांना बोलावलं होतं. भाऊ एवढा मोठा झालाय तर बघावा म्हणून अनुसया नवीन साडी नेसून आली. नवरा तेव्हा होता. कपाळाला मोठं कुंकू, मागच्या बाकावर. मुलं रांगेने पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकत होती आणि बिशप एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत पुढे सरकत होते. अनुसयेला वाटलं, दर्शनाची रांग आहे. तीही उठली. पांढऱ्या फ्रॉकातल्या एका मुलीशेजारी जाऊन तिने गुडघे टेकले आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

बिशपांनी मुलीच्या डोक्यावरचा हात उचलला, पुढच्या डोक्यावर नेला आणि पदराखालचं कुंकू बघितलं. हात तसाच वर राहिला. पाळक कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, ह्या त्यातल्या नाहीत." अख्खं देऊळ बघत होतं. बिशप वाकून म्हणाले, "आक्का, हे तुझ्यासाठी नाही गं." आणि पुढच्या मुलाकडे गेले.

ती उठली, हात जोडले, जागेवर जाऊन बसली. नंतर अंगणात तिने डबा उघडला, खापरावरचे मांडे करून आणले होते. ते त्यांनी खाल्ले. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत. परत जाताना गाडीत त्यांना सुचलं, की दृढीकरण नसतं करता आलं, पण साधा आशीर्वाद द्यायला काय झालं होतं. कोणाही माणसाला देता येतो. कुठल्याच नियमात नाही म्हटलेलं नाही. फक्त त्या क्षणी सुचलं नाही.

"ठेवस का?" अनुसयेने विचारलं.

"ठेवतो ना," ते म्हणाले. त्यांनी सुरी ताटलीत ठेवली, हात धुवावा म्हणून उठले. पलीकडे नूतन खडे चिकटवता चिकटवता थांबली. दारात वाल्मिक उभा होता. रात्रपाळी करून झोपलेला, आताच उठून बाहेर तोंड धुवायला गेला होता.

"मामा, जरा खाली येता का," तो म्हणाला.

खाली पाण्याच्या टाकीपाशी वाल्मिकने तोंड पुसलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "मामा, राग मानू नका. मी तुम्हाला येऊ नका म्हणतो का? या. बसा. फळं आणा. पण ते नको."

"अरे, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवायचा. दुसरं काय आहे त्यात?"

"तुम्ही म्हणता म्हणून बहीण. बघणारा काय म्हणेल? म्हातारी मरायला टेकली आणि पादरी डोक्यावर हात ठेवून पुटपुटतोय. आजकाल सगळ्यांच्या हातात मोबाइल. काढला व्हिडिओ, टाकला ग्रुपवर, मग मी कोणाकोणाला सांगत फिरू?"

"मी पुटपुटणार नाही."

"मामा," वाल्मिक म्हणाला, "स्वातीचं जमत आलंय. शिरपूरचे लोक आहेत. त्यांनी आधीच विचारलं, आजीचा भाऊ ख्रिस्ती आहे म्हणे, घरात काही तसलं नाही ना? मी म्हटलं, नाही. मामा वेगळे, आम्ही वेगळे. आता तुम्हीच सांगा."

भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं. स्वाती, वाल्मिकची मुलगी, एका दुकानात बिलिंगला होती, हुशार, बारीक, ह्या दीड खोलीतून सुटायची तिची वेळ आली होती.

"लग्न झालं की ठेवा," वाल्मिक म्हणाला. मग त्यालाच कळलं. तो टॉवेलचे पदर ओढत राहिला. "शब्द द्या मामा. मला मिलमध्ये बसून डोक्याला ताप नको."

बिशपांनी शब्द दिला.

घरी येऊन त्यांनी अर्चनाला सांगितलं, कारण दुसरं सांगायला कोणी नव्हतं. ती वाटाणे सोलत होती. "पप्पा, त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि आपलंही बघा. तुषारची बँक, माझी शाळा. कशाला?" मग शेंगा पुढे ओढून, "तुम्ही मनात करा ना प्रार्थना. देवाला काय, घरूनही पोचते."

पोचते, हे त्यांनीच शेकडो लोकांना सांगितलं होतं. अनुसयेला प्रार्थना नको होती. तिला हात पाहिजे होता.

रविवारी उपासनेनंतर त्यांनी इथल्या पाळकांना गाठलं. तरुण होते, अदबीने सलाम करायचे. बिशपांनी आडून विचारलं, आजारी बाई आहे, आपल्यातली नाही, आशीर्वाद मागते आहे, तुम्ही याल का बरोबर? पाळक घाम पुसायला लागले. "साहेब, मी आलो तर मंडळी आली असं होतं. आणि तुमचं म्हणाल तर, निवृत्त बिशपांनी ह्या डायोसिसच्या हद्दीत काही करायचं तर आमच्या बिशपसाहेबांची परवानगी लागते. मी विचारू शकतो. पण विचारलं की त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागेल." ते जरा कसंनुसं हसले. "न विचारलेलं बरं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

माहीत होतं. त्यांच्या आधीचे म्हातारे बिशप एकदा नातवाचा बाप्तिस्मा करतो म्हणून आले होते, तेव्हा ह्यांनीच त्यांना चहा देऊन हेच सांगितलं होतं.

पुढच्या बुधवारी ते गेले तेव्हा अनुसयेचा चेहरा सुजला होता. तिने काही मागितलं नाही. भिंतीकडे बघत पडली. नूतनने त्यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या साडीकडे. टिकल्या लावायला येणाऱ्या दोन शेजारणी अजून यायच्या होत्या. वाल्मिक दिवसपाळीला होता. नूतनने गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं.

"मामा, मी माल देऊन येते," ती म्हणाली. "आज दोन ठिकाणी जायचंय. वेळ लागंल." आणि जाताना तिने दार ओढून घेतलं. त्या घराचं दार दिवसा कोणी लावलेलं बिशपांनी पहिल्यांदाच बघितलं.

बाहेर तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला.

शब्द दिला होता. पण दार लावणारी त्याच घरातली होती, आणि बिशप स्वतःशी घासाघीस करायला लागले, की शब्द वाल्मिकला दिला आहे, आणि वाल्मिकची भीती लोकांची आहे, आणि लोक इथे नाहीत. ते उठून खाटेपाशी उभे राहिले. अनुसयेने मान वळवली. त्यांना तिचे डोळे एकदम जागे दिसले. तिने पदर ओढून डोक्यावर घेतला, तेव्हा घेतला होता तसाच.

आणि इथे सुपडू अहिरे यांनी बिशपाची चूक केली. डोक्यावर हात ठेवण्याआधी समोरच्याला विचारायचं असतं. तू हे स्वतःच्या मनाने मागतेस ना? हे काय आहे, तुला समजतं ना? हजारो डोक्यांपाशी त्यांनी विचारलं होतं, उत्तर ऐकलं होतं, मगच हात ठेवला होता. आणि आज तर ते जास्तच जरुरीचं वाटलं. न समजणाऱ्या म्हातारीला आपण काही केलं, असं कोणी म्हणू नये. त्यांनी स्वतःही म्हणू नये.

"आक्का," ते म्हणाले, "हे दृढीकरण नाही हं. हा साधा आशीर्वाद. तुझा देव तुझाच राहील. तुला समजतंय ना?"

"माले काय इचारस," ती म्हणाली. धाप लागली. "हात ठेव."

"ठेवतो. पण तू मनापासून म्हणतेस ना? नंतर वाल्मिकला वाटायला नको की मी तुला..."

"सुपड्या," ती म्हणाली, "तू लहानपणपासून असाच शे. घास हातमा, आन इचारस खाऊ का."

त्यांना हसू आलं. तिलाही आलं, आणि हसण्याने खोकला आला. त्यांनी तिला उठवून बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. अर्धं उशीवर सांडलं. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत जिन्यावर पावलं वाजली. शेजारणी टिकल्या लावायला आल्या होत्या, दोघी एकदम बोलत. "आज दार का लावलंय?" एकीने बाहेरून विचारलं आणि ढकललं.

बिशप हातात पेला घेऊन खाटेवर बसलेले त्यांना दिसले. अनुसयेच्या डोक्यावर पदर.

संध्याकाळपर्यंत ते वाल्मिकला समजलं. आत काही झालं नाही हे नाही, फक्त दार लावलं होतं एवढंच. त्याने मामांना फोन केला नाही. नूतनला काय बोलायचं ते बोलला असावा, कारण पुढच्या बुधवारी तिनेच फोन केला आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, आता थोडे दिवस येऊ नका. भाऊबीजेला या. भाऊबीजेला कोणी काही म्हणू शकत नाही."

मधले दिवस बिशप अडाजणला बसून राहिले. बाल्कनीतून खाली पार्किंग दिसायचं. अर्चनाने फराळाची चकली केली, ती बोटांतून निसटायची, म्हणून तिने त्यांना शेव वाटीत घालून दिली. एकदा त्यांनी माळ्यावरून झगा काढायला लावला. जांभळ्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तुषार म्हणाला, "पप्पा, घालून जाणार नाही ना?" ते म्हणाले, "नाही रे, कसर लागली का बघत होतो." मग झगा परत गेला.

भाऊबीजेला ते गेले. नवा शर्ट, मिठाईचा डबा, अनुसयेसाठी पातळ सुती पांघरूण. घरात साड्या एका कोपऱ्यात रचून वर चादर टाकली होती. स्वातीने दारात रांगोळी काढली होती. वाल्मिक नीट बोलला, "या मामा, बसा." दार सताड उघडं होतं आणि दारात चार शेजारणी, दोन पोरी. पादरी मामाला ओवाळणार, हे बघायला आल्या होत्या की नेहमीच्याच येणाऱ्या होत्या, हे कळायला मार्ग नव्हता. एकीच्या हातात मोबाइल होता. बहुतेकींच्या असतो.

नूतनने अनुसयेला पाठीमागून धरून बसवलं. ताट अनुसयेच्याने उचलेना, म्हणून नूतननेच ताटाखाली हात दिला आणि दोघींनी मिळून ओवाळलं. अनुसयेने भावाच्या कपाळाला कुंकू लावलं, ते भुवईपर्यंत ओघळलं. शेजारणी कौतुकाने हसल्या. बिशप वाकले, तिच्या पायांना हात लावला. सुजेवर बोटांचे खळगे उमटले आणि तसेच राहिले. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, काही ठेवलंय असं वाटेना.

"आते तू," ती म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. वाल्मिक दाराकडे बघत होता. स्वाती चहाचे कप घेऊन ओट्यापाशी उभी होती, तिने ते खाली ठेवले नाहीत.

बिशप उभे राहिले. अनुसयेचा पदर घसरला होता. त्यांनी तो उचलला, डोक्यावरून नीट घेतला, आणि पदर सारखा करणारा हात क्षणभर तिच्या केसांवर राहू दिला. एवढं कोणताही भाऊ करतो. मोबाइल धरलेल्या बाईलाही त्यात काही दिसलं नसतं.

अनुसयेने मान हलवली. "असा नई," ती म्हणाली. "तठे ठेवस तसा ठेव."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग वाल्मिक म्हणाला, "मामा, चहा घ्या, गार होईल." स्वाती पुढे आली. कप साधा होता, काठोकाठ भरलेला. बिशपांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि घेतल्यावर त्यांचे दोन्ही हात कामाला लागले. अनुसयेने त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं, मग नूतनला म्हणाली, "आडवी कर माले."

ती देवदिवाळीच्या आत गेली. नूतनचा फोन आला. "मामा, आई गेल्या," ती म्हणाली, आणि मग, "साडी तुमची लागंल."

माहेरची साडी. बाई गेली की शेवटचं वस्त्र माहेरहून येतं. अनुसयेला माहेर म्हणजे हे एकटेच. बिशप वाटेत कतारगामला उतरले. दुकानात सगळं चकचकीत, खड्यांचं, पॉलिएस्टर. "सुती दाखवा," ते म्हणाले. दुकानदाराने विचारलं, "प्रसंग शुं छे, काका? साखरपुडा?" त्याने दोन-तीन टिकल्यांच्या साड्या उलगडल्या. अशाच साड्या त्या खोलीत ढिगाने होत्या. शेवटी मागच्या फळीवरून एक फिकी, बारीक काठाची सुती निघाली.

कोसाडला बिल्डिंगखाली गर्दी होती. तिला खाली आणून ठेवलं होतं. मिलमधली माणसं, शेजारणी, गावाकडचे नातेवाईक, शिरपूरचेही दोघं आलेले. बिशप आले तशी गर्दीने वाट दिली. "माहेरचे आले, सरका," कोणीतरी म्हणालं. वाल्मिकचे डोळे सुजले होते. त्याने मामांच्या हातातली पिशवी धरली आणि साडी उलगडून दिली.

"मामा, घाला," तो म्हणाला.

त्यांनी साडी तिच्यावर पसरली. नूतनने दुसरं टोक धरलं. पायांवरून, पोटावरून, वर कपाळापर्यंत. मग त्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिथे ठेवायचे तसा, पूर्ण तळवा, बोटं उघडी. सगळे बघत होते आणि कोणाचीच हरकत नव्हती. वाल्मिक हात जोडून उभा होता. शिरपूरचे लोकही. पण जिवंत माणसाला द्यायचा आशीर्वाद गेलेल्याला देता येत नाही, आणि गेलेल्यासाठी जे म्हणायचं ते तिच्यासाठी नव्हतं. हाताखाली कपाळ गार होतं. ते नुसता हात ठेवून उभे राहिले.

आणि ठेवलेला हात थरथरायला लागला. साडीचा काठ कपाळावर हलायला लागला.

"अरे," मागची एक म्हातारी म्हणाली, "हलतंय का काही?"

गर्दी एकदम पुढे सरकली. वाल्मिक गुडघ्यांवर बसला, आईच्या नाकापाशी हात नेला. "आई," तो म्हणाला. "ए आई."

"नाही हो," नूतन म्हणाली. "मामांचा हात आहे तो."

तिने वाकून त्यांचं मनगट धरलं, हात उचलला आणि बाजूला केला. साडी थांबली.